वही मिटली तेव्हा

चाळीस वर्षं मी विंगेत बसून नटांना विसरलेले शब्द पुरवले. नजर कायम नाटकाच्या वहीवर. एकदा महिनाभर आम्ही लाँड्रीच्या आवारात तालमी केल्या आणि जुन्या शोकांतिकेचा प्रयोगही तिथेच, तिथल्या बायकापोरांसाठी लावला. “यांना राजाचं दुःख काय कळणार?” राजाचं काम करणारे मामा कुरकुरले. तिथे विंगच नव्हती. मी प्रेक्षकांत बसले, पोरांचे चेहरे पाहत राहिले आणि पान उलटायचं विसरले. मामा अडले, “या महालात शंभर दालनं...” मी घाबरून पानं चाळू लागले. तेवढ्यात अक्षरओळख नसलेली इस्त्रीवाली उठून म्हणाली, “...आणि माझी लेक एकाही दालनात नाही.” मला पान सापडलं; वहीत शब्दन् शब्द हीच ओळ होती. मामांनी मुकुट काढून विचारलं, “पुढे काय, ताई?” “मुकुट घाला, महाराज. पुढचं तुम्हीच बोला, आम्ही ऐकतोय.” वही मिटून मी पहिल्यांदा नाटक पाहिलं.