बोटभर सरकलेलं कडं

“मारली उडी!” कस्तुरीने सायकल आंब्याला टेकवली.

आत्याने पुढच्या शॉकअपच्या नळीवरचं रबरी कडं पाहिलं. धक्का जितका मोठा, तितकं ते वर सरकतं. आणि ते जेमतेम बोटभर सरकलं होतं. “कड्याला खोटं बोलता येत नाही गं.”

कस्तुरीचा चेहरा पडला. गेल्या वर्षी उतारावरच्या याच उडीत तिच्या खांद्याचं हाड मोडलं होतं. “शॉकअप उसळून मला फेकेल, आत्या. उद्याच्या शर्यतीतून माझं नाव काढ.”

आत्याने तिचं बारीक झालेलं मनगट धरलं आणि स्वतःच्याच कपाळावर हात मारला. “अंथरुणाने तुझे सहा किलो खाल्ले, आणि मी हवा जुन्याच वजनाच्या हिशेबाने भरलीय! ताठ शॉकअप फेकणारच.” तिने हवा थोडी सोडली, उसळी रोखणारं तेलाचं बटण जरा आवळलं. “हवा म्हणते ऊठ बाई, तेल म्हणतं हळू गं. जा आता.”

उतारावर धूळ उठली. चाकं जमिनीवरून सुटली, टेकली.

कस्तुरी परतली तेव्हा कडं पार वर बसलं होतं. आत्याने तरी विचारलंच, “मारलीस उडी?”

“घाबरत मारली,” कस्तुरी हसली. “नाव काढू नकोस.”