डावी गाठ

वाऱ्याने जलाशयावर सगळ्यांची दाणादाण उडवली होती. सकाळी जो तो होडी घेऊन आपापली बाटली शोधत फिरत होता. जाळ्याच्या टोकाला रिकामी प्लास्टिकची बाटली बांधलेली असते. ती वर तरंगते म्हणून खाली जाळं कुठे आहे ते कळतं. बाटलीची गाठ सुटली की जाळं बसलं तळाला, आणि तळ तिथे सात पुरुष खोल.

काकांची बाटली मात्र सोडली होती तिथेच डुलत होती.

"बघितलंस?" होडीच्या पुढच्या टोकाला बसलेले काका म्हणाले. "धरण फुटेल, पण माझी गाठ सुटायची नाही."

"हो ना," काकू मागून म्हणाल्या आणि वल्हं मारत राहिल्या.

हे वाक्य त्या लग्नापासून ऐकत होत्या. होडीतली वाटणीही तेव्हापासूनचीच. जाळं आणि गाठी काकांच्या, वल्हं काकूंचं. एकाच्या कामात दुसऱ्याने हात घालायचा नाही.

आता खरं सांगायचं, तर गेल्या पाच महिन्यांत काकांची एकही गाठ पाण्यात गेली नव्हती. शुगरने त्यांची बोटं बधिर झाली होती. दोरी निसटली तरी त्यांना वाटायचं, आवळली. रोज संध्याकाळी ते काठावर गाठी मारायचे, आणि हातपाय धुवायला गेले की काकू त्या सगळ्या सोडून पुन्हा बांधायच्या. पटापट, चोरासारख्या. सांगायची छाती होत नव्हती. काकांचे थोरले भाऊ एकदा होडीतून उतरून खाटेवर बसले, ते खाटेवरूनच गेले. होडी सुटली की ह्यांचंही तेच होणार, ही धास्ती काकूंनी घेतली होती. मग लबाडी तर लबाडी.

काकांनी मुठींनी ओढून जाळं होडीत घेतलं. हातभर लांबीचे तीन-चार मासे त्यात अडकले होते.

"काठावर सोडवू," ते म्हणाले. "पाणी फार गार आहे आज."

पाणी रोजच फार गार असायचं. काकूंनी मान डोलावली.

तेवढ्यात गडबड्या आला. चाळिशी उलटली तरी गडी अजून अर्धा चहा टाकून पळतो, म्हणून हे नाव. त्याने आपली होडी काकांच्या होडीला आणून टेकवली.

"काका, दोन जाळी गेली माझी. अख्ख्या पाण्यात तुमचीच बाटली जागेवर आहे. ती गाठ शिकवा ना मला."

काकांची छाती फुगली.

"अहो, काठावर गेल्यावर शिकवा," काकू घाईने म्हणाल्या. "मासे उन्हात राहतील."

"थांब गं. दोन मिनिटांचं काम."

काकांनी दोरीचा एक तुकडा घेतला. पहिला वेढा बसला. दुसरा घसरला. पुन्हा घातला, पुन्हा घसरला.

"ओली आहे दोरी," काका म्हणाले.

तिसऱ्यांदा दोरीच हातातून पडली, आणि ती पडल्याचं काकांना खाली बघितल्यावर कळलं. जन्मात कधी न थांबलेला गडबड्या नेमका आज शांतपणे बघत उभा होता. काकू पाण्याकडे बघू लागल्या.

"राहू द्या की, ही आयती आहे," म्हणत गडबड्याने काकांच्या पायाजवळची बाटली उचलली आणि गाठ फिरवून बघितली. "अरेच्चा. ही तर उलटी आहे. दोरीचं शेपूट डावीकडे निघालंय."

काकांनी बाटली त्याच्याकडून घेतली. गाठ डोळ्यांनी बघायची असते, हे कधी त्यांच्या मनातच आलं नव्हतं. आज त्यांनी ती नाकासमोर धरून नीट बघितली. त्या होडीत डावखुरं माणूस एकच होतं. त्यावरून तिला त्यांनी जन्मभर चिडवलं होतं. कात्री उलटी, वल्हं उलटं, बाईच उलटी.

"उलटीच असते," काका शेवटी म्हणाले. "म्हणून तर सुटत नाही."

"असं होय," गडबड्या म्हणाला, आणि तिथेच बसून डाव्या हाताने दोरीशी झटापट करू लागला.

काकूंनी होडी पुढे काढली. बरंच अंतर गेल्यावर काकांनी मागे न बघता विचारलं, "किती दिवस?"

"पाच महिने."

"सगळ्या?"

"सगळ्या."

काकूंना रडू येत होतं आणि रागही येत होता. कुणाचा, ते त्यांनाही धड सांगता आलं नसतं. उद्यापासून मी येत नाही, असं आता हे म्हणणार, म्हणून त्या वाट बघत राहिल्या.

"ऊठ," काका म्हणाले.

"कुठे?"

"पुढे ये. वल्हं दे इकडे. मुठीत धरायला बोटं लागत नाहीत."

भर पाण्यात जागा बदलणं सोपं नसतं. एकमेकांच्या खांद्यांना धरून दोघं सरकले. होडी डुचमळली.

"बुडवाल," काकू म्हणाल्या.

"पाच महिने तू बुडवलंस का मला?"

काका वल्हं मारू लागले. होडी तिरकीच जात होती, पण जात होती.

मागून गडबड्या जोरात वल्हवत आला. जवळ येताच त्याने आपली बाटली उंच धरली. "काका, जमली वाटतं. बघा बरं."

काकांनी वल्हं सोडलं नाही.

"मला काय दाखवतोस?" ते म्हणाले. "काकूला दाखव. गाठ तिची आहे."