थोरलीचं विरजण

“झाकण घट्ट लावू नकोस. जीव आहे त्यात, त्याला श्वास लागतो.”

पडद्यावरून थोरलीने हे सांगितलं, दुभाष्याने ते आपल्या भाषेत आणलं, तेव्हा धाकटीला हसू आवरलं नव्हतं. गाळाला म्हणे श्वास! आज टाकीच्या काठावर उकिडवी बसून ती एक रिकामा डबा पुसत होती आणि तोच आवाज कानाशी येऊन बसला होता.

समुद्राच्या दोन काठांवरची दोन शहरं. सांडपाणी शुद्ध करण्यासाठी दोन्हींत करार झाला. तिकडून यंत्रं आली, आणि यंत्रांमागोमाग त्यांच्या टाकीतला काळपट गाळ पिंपांतून आला. घाण खाऊन पाणी निवळवणारे जिवाणू त्यात. दुधाला लावावं तसं ते विरजण इथल्या टाकीला लागलं. तिथली ऑपरेटर ती थोरली, इथली ती धाकटी, हे आपसूकच ठरून गेलं.

“आमचं कधी मेलं, तर यातलंच थोडं परत आण,” थोरली म्हणाली होती. “दुसऱ्या कुणाच्या हाती नको. तू आण.” धाकटीने पडद्यावर तळहात टेकवून शब्द दिला होता.

मग एका वादळात समुद्र थोरलीच्या शहरात शिरला. पडदा काळा झाला, तो काळाच राहिला. आणि त्या दिवसापासून इथली टाकी भलत्या वेळी हवा मागू लागली.

जिवाणूंना खाणं मिळालं की हवा जास्त लागते. हवेचा ब्लोअर मग आपणहून जोर धरतो. सकाळी आंघोळी, धुणीभांडी होतात, घाण पाणी लोटतं, तेव्हा तो घोंघावतो ते रास्तच. पण भरदुपारी, शहर सुस्तावलेलं असताना?

“जेवून हात धुतले की पुन्हा पान वाढायला सांगणारा जावई आहे हा, ताई,” फिटर म्हणायचा. त्याने ब्लोअर दोनदा खोलला. दोष काही सापडला नाही.

शेवटी साहेबांनी निकाल दिला होता, विरजणच बिघडलंय. टाकी उद्या उपसायची. तिसऱ्याच देशातून नवं विरजण निघालं होतं. उपसायची म्हणून येणारं पाणी आज सकाळीच बंद केलं, लोखंडी फाटक खाली सोडून वर कुलूप घातलं.

“साहेब, डबाभर काढून ठेवते,” धाकटी म्हणाली.

“कशाला?”

“परत द्यायचंय.”

साहेब चिडले नाहीत. चष्मा काढून त्यांनी डोळे दाबले. “बाई, द्यायचं कुणाला? करार शहराशी होता. शहरच राहिलं नाही. आज तिकडे मदतीची शेवटची बोट जातेय. पाण्याचं काम जाणणारं कुणी द्या म्हणत होते. मी म्हटलं, अहो, तिथं आता पाणी वापरायला आहे कोण?”

ते आत गेले. धाकटीने डबा उन्हात उपडा घातला. उद्या हे सगळं उपसलं जाणार, वाळवलं जाणार. मग शब्द पाळायचा म्हटलं तरी पाळायला काही उरणार नाही. तिचे ओठ हलत होते. रोजचं नामस्मरण असावं, पण आज ते पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी अडत होतं.

सूर्य माथ्यावर आला. सकाळपासून उपाशी टाकी निपचित पडली होती. पाण्यावर डाससुद्धा हलत नव्हता.

आणि ब्लोअरचा सूर चढला.

आधी हळू, मग भरभरून. फिटर हातातला पाना तसाच धरून धावत आला. “कुणी सोडलं पाणी?”

“कुणी नाही.”

त्याने फाटकाचं कुलूप ओढून पाहिलं. खाली वाकून पाहिलं. पाणी आणणाऱ्या नळाचं तोंड कोरडं ठणठणीत होतं. तरी टाकीत पाणी बोटभर चढलं होतं, आणि मधोमध पांढरा फेस धरू लागला होता. साबणाचा. आंघोळीच्या साबणाचा. फुलासारखा गोडसर वास आला. इथल्या कुठल्याच दुकानातला नव्हे. फेस सावकाश पसरत काठाला लागला, विरला, पुन्हा आला. एकामागून एक माणसं न्हाणीघरात जाऊन यावीत तसा.

“ताई, मस्करी नाही ना ही?” फिटरचा आवाज खाली आला होता.

धाकटीच्या अंगावर सरसरून काटा आला. रोज याच वेळी थोरली पडद्यावर यायची. केस ओले, खांद्यावर पंचा. इकडे माथ्यावर ऊन, आणि ती म्हणायची, “थांब गं, आमच्याकडे आत्ता कुठे उजाडतंय.”

धाकटी उठली. डबा दोरीने टाकीत सोडला, तळाशी ढवळून भरून घेतला. काळपट गाळावर पांढऱ्या फेसाचा एक थर वर आला. तो तिने काढला नाही. बाहेरून डबा पुसून पिशवीत ठेवला.

“निघालात कुठं?”

“बंदरावर. त्यांना माणूस हवंय ना.”

“अहो, पण तिकडे घ्यायला आहे कोण?”

तिने टाकीकडे पाहिलं. फेस अजून येतच होता.

“कुणी नाही, तर एवढ्या सकाळी आंघोळी कोण करतंय?”

फिटरने हातातला पाना खाली ठेवला. त्याने आवाराचं दार उघडून दिलं. धाकटीने पिशवीत हात घालून झाकण चाचपलं, जरासं सैल केलं, आणि डबा हिंदकळणार नाही अशा बेताने ती बंदराच्या रस्त्याला लागली.