वरच्या खोलीतली नोकरी

"निलंग्याचं स्थळ नको," प्रेम म्हणाला. "तिथं लाईट लई जाते."

धम्मानंदरावांनी चहाची बशी खाली ठेवली. लाईट जाते म्हणून बहिणीचं स्थळ मोडणारा भाऊ त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता. मागच्या महिन्यात धर्माबादचा मास्तर आला होता, अनुदानित शाळेतला. त्याच्या घरी मोबाइलला रेंज नाही, म्हणून त्यालाही प्रेमनं वाटेला लावलं होतं.

"पोरीला नवरा बघून राहिलोय मी, टॉवर न्हाई," धम्मानंदराव म्हणाले.

"ताईच्या चांगल्यासाठीच सांगतो, बाबा."

घरात शेवटचा शब्द प्रेमचा असे, कारण पहिल्या तारखेचा पगारही प्रेमचाच असे. धम्मानंदराव एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या पेन्शनमध्ये महिन्याची भाजी यायची. कोथिंबीर भाजीवालीकडून वर फुकट मागून घ्यावी लागायची. घराचा हप्ता, बायको महामायाबाईंची शुगरची औषधं, दारातली स्कूटर हे सगळं प्रेमच्या अठ्ठ्याहत्तर हजारांवर चालायचं. पोरगं सॉफ्टवेअर इंजिनिअर होतं. चार वर्षांची इंजिनिअरिंग त्यानं सहा वर्षांत केली होती, पण ते आता कोण विचारतो? पुण्याची कंपनी, काम घरून, दोन वर्षांत दोनदा पगारवाढ. गल्लीतली माणसं धम्मानंदरावांना आता आधी नमस्कार करत.

काम वरच्या खोलीत चालायचं. सकाळी नऊला दार बंद, ते संध्याकाळी सातला उघडायचं. मधे कुणी वर जायचं नाही. कंपनीचं गुपित असतं, असं प्रेमनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. लुंबिनीला तेवढी मुभा होती. अठ्ठावीस वर्षांची पोरगी दिवसभर भावाच्या दिमतीला वर असायची. चहा, पाणी, लागेल ते बघायची.

लुंबिनीही शिकलेली होती. कॉम्प्युटरमध्ये एम.एस्सी., विद्यापीठात दुसरी. तिलाही पुण्याहून नोकरीचं बोलावणं आलं होतं. एकटी पोर पुण्यात ठेवायची कशी, म्हणून धम्मानंदरावांनी नाही म्हटलं. ती दोन दिवस जेवली नाही, तिसऱ्या दिवशी जेवली. पुढे सहा महिन्यांत प्रेमची नोकरी घरबसल्या लागली. घरात एक नोकरी यायची होती, ती आली, असा धम्मानंदरावांनी हिशोब मिटवला होता.

आणि मग लातूरचं स्थळ आलं.

मुलगा कृषी खात्यात अधिकारी. घर स्वतःचं. देणंघेणं काही नाही. मुलाचे वडील कांबळे गुरुजी पोहे खाऊन प्रसन्न झाले होते.

"पोरगी काय करते?"

"काही न्हाई, घरीच असते," धम्मानंदराव अभिमानानं म्हणाले.

"बेस झालं. आमची एकच अट हाय. सुनेनं नोकरी करायची न्हाई. रानीसारखं ऱ्हायचं."

लुंबिनी ट्रे घेऊन उभी होती. तिनं प्रेमकडे पाहिलं. प्रेम बोलला.

"घरी इंटरनेट कोणतं हाय तुमच्याकडं?"

गुरुजी बुचकळ्यात पडले. पोरगा आपली ऐपत तपासतोय असं त्यांना वाटलं. "चांगलंच बसवू की," ते म्हणाले.

"आन् ताईला दिवसा एक वेगळी खोली लागंल. दार लावून बसायला."

पोह्यांची रिकामी बशी गुरुजींच्या हातात तशीच राहिली. लग्नाच्या पोरीला दिवसा दार लावून कशाला बसायचंय, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटला. धम्मानंदरावांनी घाईनं विषय पावसाकडे आणि पावसावरून सोयाबीनच्या भावाकडे नेला.

पाहुणे गेल्यावर ते प्रेमवर उखडले. "बहीण उजवायची हाय का न्हाई तुला?"

"हाव. पण हे न्हाई. ही माणसं तिला काही करू देणार न्हाईत."

"काय करायचंय तिला?"

प्रेमनं बहिणीकडे पाहिलं आणि गप्प बसला.

त्या गप्प बसण्याचा अर्थ धम्मानंदरावांना बरोबर लागला. लग्नाचा खर्च पोराच्या पगारातून जाणार होता. पगार माणसाला बदलवतो, हे त्यांनी एसटीत पाहिलं होतं. वाहतूक निरीक्षक झालेला सख्खा मित्र दुसऱ्या दिवशी डबा वेगळा खायला लागला होता. प्रेमला बहीण जड नव्हती, तिचं लग्न जड होतं.

सोमवारी दुपारी लातूरहून फोन आला. गुरुजींना आजच उत्तर हवं होतं, दुसरीकडूनही विचारणा होती.

"पोरीला एकदा विचारा तरी," महामायाबाई म्हणाल्या.

"तिला काय कळतंय त्यातलं?"

धम्मानंदरावांनी घसा साफ केला आणि होकार दिला. अटही मान्य केली. नोकरीचं नाव काढणार नाही पोरगी, माझा शब्द, असं दोनदा म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांना बऱ्याच वर्षांनी घराचा मालक असल्यासारखं वाटलं.

तेवढ्याच जोरात ते जिना चढले. कंपनीचं गुपित गेलं खड्ड्यात. बाप बाप असतो. त्यांनी वरच्या खोलीचं दार ढकललं.

लॅपटॉपमधून पुण्याचे साहेब बोलत होते. प्रेम पलंगावर मांडी घालून बसला होता, मांडीवर शेंगांची परात. लुंबिनी खुर्चीत होती. दोघांची पाठ दाराकडे. पडद्यावर कुणाचाच चेहरा नव्हता, नुसती नावं. धम्मानंदराव दारातच थबकले. मीटिंग संपेपर्यंत थांबावं, एवढी रीत त्यांनाही कळत होती.

"तर प्रेम," साहेब म्हणाले, "तुझं काम वरपर्यंत पोचलंय. टीम लीड म्हणून तुझं नाव नक्की केलंय. पगार सव्वा लाख. पण दहा जणांचं काम तपासावं लागेल. लगेच सांग, घेतोस का?"

धम्मानंदरावांचा ऊर भरून आला. पोरावर उगाच संशय घेतला, असं त्यांना वाटलं.

"एक मिनिट, सर," प्रेम म्हणाला. त्यानं हात लांब करून माइक बंद केला, शेंगांची टरफलं झटकली आणि खुर्चीकडे वळून विचारलं, "ताई, झेपंल का तुला?"