साडूकडचं मशीन

गेम पार्लरमधली जुनी रेसिंग मशिनं जमवायचं त्याला वेड होतं. खेळायची नाहीत, नुसती ठेवायची. मागच्या खोलीत प्रत्येकावर प्लॅस्टिक, आणि बायकोला सक्त ताकीद, फडकंसुद्धा मारायचं नाही. तरी त्याचा जीव जळायचा साडूकडच्या एकाच मशिनपायी. त्यात बसून चालवायचं, अगदी खऱ्या गाडीसारखी सीट, स्टिअरिंग, गिअर. तसं दुसरं कुठे बघायलाही मिळत नव्हतं.

"गाढवाला गुळाची चव काय," तो चरफडायचा. बायको बहिणीकडे निघाली की मागून ओरडायचा, "विचार तुझ्या दाजींना, विकतात का ते."

एक दिवस साडूचाच फोन आला. "फुकट ने, पण ने बाबा. माझ्याच्याने आता ते बघवत नाही."

चौघांनी उचलून मशीन मागच्या खोलीत आणलं. त्याने बटण दाबलं, तर पडदा काळाच. प्लग बदलला, वायरी हलवल्या, शेवटी साडूचा उद्धार केला. "बिघडलेला डबा गळ्यात मारला मेल्याने. कुणाचं चांगलं बघवत नाही त्याला."

बायको ओले हात पुसत आली. त्याला बाजूला सारून सीटवर बसली आणि स्टिअरिंगच्या खाली गुडघ्याने एक दणका दिला. पडदा झगमगून उठला.



"दाजींना कशाला शिव्या देता?" गिअर टाकत ती म्हणाली. "दर रविवारी माझ्याकडून हरून हरून कंटाळले बिचारे."