पूर्वेची रास

पाऊस थांबायचं नाव घेईना, म्हणून मर्डोने आजचा दिवस विश्रांतीचा ठरवला. त्याने ठरवला म्हणजे ठरला. खिडकीबाहेर डोंगर असायला हवा होता, तिथे नुसता ढग होता. शेगडीपाशी बूट वाळत होते आणि त्याची बायको इशबेल त्याचा मोजा रफू करत होती.

"उद्या उघडेल," मुक्कामाच्या घराच्या मालकीणबाई, गेडीसबाई, चहा ठेवत म्हणाल्या. "आणि नाही उघडलं तरी तुम्ही थोडेच थांबणार! शेवटचा माथा ना?"

शेवटचाच. आमच्याकडे या लोकांचा एक पंथच आहे. स्कॉटलंडातला तीन हजार फुटांवरचा प्रत्येक डोंगर चढायचा, माथ्यावरच्या दगडांच्या राशीला हात लावायचा, की तो झाला. तपासायला कोणी येत नाही. माणसाचा शब्द हाच पुरावा. मर्डोचं अर्धं आयुष्य त्यात गेलं. उद्या त्याचे मित्र व्हिस्की आणि बॅगपाइपवाला घेऊन येणार होते, आणि तो माथ्यावर उभा राहून भाषण ठोकणार होता.

भाषणाची रंगीत तालीम त्याने गेडीसबाईंवरच सुरू केली. "बेन डोराख डोंगरावरची गंमत ऐका. हे दाट धुकं! माथा दहा मिनिटांवर, आणि आमच्या राणीसाहेबांनी मारली फतकल. पाय मुरगळला म्हणे. म्हटलं, बस रडत. गेलो, राशीला हात लावला, आलो. येताना वाट चुकलो जरा, संध्याकाळ झाली, एवढंच."

"आणि या तिथे एकट्याच?"

"मेंढ्या होत्या की सोबतीला!" तो खदखदून हसला.

गेडीसबाई हसल्या नाहीत. रिकामा ट्रे घेऊन त्या आत गेल्या.

ही गंमत इशबेल वीस वर्षं ऐकत आली होती. लग्नांत, वाढदिवसांना, तिच्या आईला पुरून आल्यावरच्या चहालासुद्धा. दर वेळी अंगाचा तिळपापड व्हायचा आणि दर वेळी ती हसायची. गेल्या मे महिन्यापासून मात्र ती मनापासून हसत होती.

तिने दाताने लोकर तोडली. "मर्डो, मे महिन्यात मी पर्थला ताईकडे गेले नव्हते. बेन डोराखावर गेले होते."

"तू? कशाला?"

"तू मला सोडून गेलास ती जागा बघायला. तू पुढे गेल्यावर मी वाऱ्यापासून आडोसा शोधत सरपटत गेले, तर तिथे दगडांची रास होती. तिलाच टेकून बसले होते. या वेळी आकाश लख्ख होतं. तिथून पश्चिमेकडची तुझी रास दिसते. खाली."

"खाली म्हणजे?"

"खाली म्हणजे खाली. नकाशा काढ."

त्याने काढला. चष्मा लावला. बोट रेषांवरून सरकलं, अडलं, मागे आलं. इशबेल टेकून बसली होती ती पूर्वेची रास वीसेक फूट जास्त उंचीवर होती. खरा माथा तोच होता, आणि मर्डोने त्याला हात लावलाच नव्हता. मर्डोच्या तोंडचं पाणी पळालं. आयत्या वेळी आपल्याला दया येईल अशी इशबेलला धास्ती होती. आली नाही. फार बरं वाटलं.

"आता कसं जमणार? उद्या सगळे येणार आहेत," तो पुटपुटला. "मे महिन्यातच का नाही सांगितलंस?"

"तेव्हा आमंत्रणं गेली नव्हती."

मर्डोने चष्मा काढून ठेवला.

"कोणाला कळणार आहे म्हणा," तो हळूच म्हणाला.

"तुला कळलंय ना. आणि भाषणाला मी अगदी समोर बसेन. ती गंमत सांगच."

मर्डो एकदम भडकला. "अगं, पण रास होती तर त्याच दिवशी सांगायचं होतंस!"

इशबेलने मोज्याची घडी केली आणि नकाशावर ठेवली.

"हाका मारत होते की," ती म्हणाली. "आवाज बसेपर्यंत."