रकान्यातलं होय

"ताई, तुमच्या टिंबावरच खणतोय," फोनवर पोकलेनवाला म्हणाला. "दोन पुरुष खोल गेलो. माती, माती आणि माती. घराचा एक वासासुद्धा लागला नाही."

नकाशाच्या कचेरीत तिनं फोन टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला. पहाटे डोंगर खाली आला होता. वस्तीच्या जागी आता नुसता चिखल. कुठलं घर कुठं होतं ते तिच्या नकाशावरूनच कळणार होतं. विमानातून काढलेल्या फोटोवर एकेक छप्पर तिनंच गिरवलं होतं.

"या टिंबाच्या घरात कोण आहे?"

"म्हातारीची सून. म्हातारी गुरं सोडायला बाहेर पडली म्हणून वाचली. ती सकाळपासून सांगतेय, आवाज वरून येतोय, वर खणा. आम्ही म्हटलं, आजी, दरीत आवाज घुमतो. नकाशा काय खोटं बोलणार?"

"आता येतोय आवाज?"

"आता नाही."

कोपऱ्यातले साखळीवाले काका उठून आले. जन्मभर मोजणीची साखळी ओढलेला माणूस. पन्नाशी उलटल्यावर लिहायला शिकले. संगणकाला हात लावत नसत, पण वाकड्या अक्षरांतला त्यांचा एक कागद भिंतीवर होता: आधी पूल जुळवा. मग घरं काढा. मग पायानं जा. मग होय लिहा. कचेरीतली पोरं त्याला काकांची पोथी म्हणत आणि पोथीसारखीच ठेवत. म्हणजे उघडत नसत.

"पूल दाखव," काका म्हणाले.

तिनं फोटोवर ओढ्याची रेघ टाकली. ओढा काकांनी स्वतः चालून मोजला होता. निळी रेघ वरच्या अंगानं गेली. फोटोतला पूल तिच्या खाली, कोरड्यात उभा होता.

"पोरी, पाण्याशिवाय पूल कोण बांधतं?"

तिनं मोजपट्टी लावली. पस्तीस मीटर.

"डोंगरात फोटो सरकतोच," काका म्हणाले. "म्हणून तर पायानं जायचं."

शेजारी घरांची यादी उघडी होती. प्रत्येक घराची एक ओळ, आणि शेवटचा रकाना: जागेवर जाऊन पाहिलं? दोनशे बारा घरं. महिनाअखेरीला काम द्यायचं होतं, आणि वस्तीला जायला दीड तासाची चढण. पहिल्या ओळीत तिनं होय लिहिलं होतं आणि एका दाबात ते तळापर्यंत भरलं होतं.

तिनं सगळी घरं निवडली आणि वर ओढली. अख्खी वस्ती एका झटक्यात डोंगर चढली.

"नवं टिंब पाठवते," ती फोनमध्ये म्हणाली. "जरा वर आहे."

"जरा म्हणजे?"

"पस्तीस मीटर."

त्यानं मशीन बंद केलं.

"ताई, हे तरी कुणी जागेवर पाहिलंय ना?"

रकान्यात होय, होय, होय.

"नाही," ती म्हणाली. "आजी कुठं आहेत?"

"त्या? त्या वर बसल्यात. सकाळपासून एकाच जागी. उठवलं तरी उठत नाहीत."

"तिथं खणा."

फोन चालूच राहिला. काका खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले. तिकडे मशीनचा आवाज चढत होता, उतरत होता. पाऊण तासानं तो एकदम थांबला.

"मशीन मागं घे," कुणीतरी ओरडलं. "आता हातानं."

मग फावडी वाजली. मग तीही थांबली.

म्हातारीनं सुनेला हाक मारली. थोड्या वेळानं पुन्हा मारली. तिसरी हाक हळू होती, झोपलेल्याला उठवताना मारतात तशी.

काकांनी फोन उचलून बंद केला.

तिनं रकाना पुसला. दोनशे बारा होय एका दाबात गेले. मग फक्त म्हातारीच्या घरापुढं तिनं ते पुन्हा लिहिलं. एकेक अक्षर.